क्लेमबाईंचा बेस लेयर

क्लेमबाईंना फक्त एक कपडा हवा होता. लांब हातांचा, अंगालगत बसणारा, घाम धरून न ठेवणारा, थंडीत पळताना आत घालायचा एक साधा कपडा. त्यांनी कुणाकडे बंगला मागितला नव्हता, कुणाची किडनी मागितली नव्हती. तरीही त्या एका कपड्यापायी घरातला टेबलक्लॉथ गेला, सासूबाईंची शाल गेली, एका सज्जन नवऱ्याचं मन दुखावलं आणि भर मैदानात तीन पंचांच्या तोंडचं पाणी पळालं. यात आपली चूक नेमकी कुठे झाली, हे क्लेमबाईंना अजूनही कळलेलं नाही. त्यांच्या मते ती झालेलीच नाही.

क्लेमबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. एका विमा कंपनीच्या ऑफिसात त्या क्लेम विभागाच्या प्रमुख होत्या. ज्याची गाडी ठोकली, ज्याच्या गोदामात पाणी शिरलं, ज्याचं छप्पर वाऱ्यानं उडालं, तो माणूस त्यांच्या टेबलासमोरच्या खुर्चीत येऊन बसे आणि आपला कोणता कागद कमी आहे ते ऐकून उठे. बाई दुष्ट नव्हत्या. खरोखर ज्याचं छप्पर उडालंय त्याला त्या पैसे मिळवून देतच. फक्त ते छप्पर उडण्यापूर्वी नियमाप्रमाणे बसवलेलं होतं का, एवढं आधी बघत.

तर एके दिवशी ऑफिसचे साहेब त्यांच्या टेबलाशी आले. निरनिराळ्या ऑफिसांची मिळून एक रिले शर्यत होती. संघात चौघं, प्रत्येकानं तीन किलोमीटर पळायचं, आणि चौघांत निदान एक बाई पाहिजे.

"मॅडम, तुमचं नाव घातलंय मी," साहेब म्हणाले. "तुम्ही सकाळी मैदानावर दिसता म्हणे."

"हो, पळते मी," क्लेमबाई म्हणाल्या. आवाजात थोडा अभिमान होता. सहा महिने झाले होते पळायला लागून, आणि ऑफिसात कुणी ते पहिल्यांदाच विचारत होतं.

"छान, छान. तसं पळायलाच पाहिजे असं काही नाही हां. चाललात तरी चालेल. फक्त नाव हवंय."

हे बोलून साहेब निघूनही गेले. ज्या माणसानं आपला अपमान केलाय, त्याला तो केल्याचं कळतसुद्धा नाही, यासारखं संतापजनक जगात दुसरं काही नसतं. क्लेमबाईंनी त्या दिवशी उरलेल्या सगळ्या फाइली नामंजूर केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे पुन्हा वाचून त्यातल्या निम्म्या मंजूर केल्या, हा त्यांचा मोठेपणा.

आणि त्या दिवसापासून त्या पळण्याच्या बाबतीत हट्टाला पेटल्या. नेमकी तेव्हाच थंडी सुरू झाली. सुती टी-शर्ट दोन फेऱ्यांत घामानं भिजायचा आणि मग वारा लागला, की तोच टी-शर्ट ओल्या फडक्यासारखा पाठीला गार चिकटायचा. त्या ऑफिसात दिवसभर शिंकू लागल्या. "तुमच्या पॉलिसीत पूर येत नाही," हे गंभीर वाक्य मध्ये तीनदा शिंकून म्हटलं, की समोरच्याला त्याचं गांभीर्य वाटत नाही.

वरच्या मजल्यावर मॅरेथॉनकाका राहत. ते आयुष्यात एकदा मॅरेथॉन पळाले होते आणि तेव्हापासून तिच्याविषयी बोलत होते. त्यांनी जिन्यात शिंक ऐकली आणि जागीच उभे राहिले.

"वहिनी, तुम्ही कॉटन घालून पळता?"

कॉटन हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की क्लेमबाईंना काहीतरी लपवावंसं वाटलं.

"मग काय घालू?"

"बेस लेयर! सिंथेटिक. लांब हातांचा. अंगाला चिकटून बसला पाहिजे, पण आवळता कामा नये. ऊब राहिली पाहिजे, पण गरम होता कामा नये. वारा आत येता कामा नये, पण वाफ बाहेर गेली पाहिजे. आणि घातलाय हे तुम्हाला कळता कामा नये."

"मग घालायचा कशाला?"

"वहिनी," काका खिन्नपणे हसले, "हे पळणाऱ्यालाच कळतं."

म्हणजे क्लेमबाई काय पळत नव्हत्या, उडत होत्या?

घरी त्यांनी ही हकीकत सांगितली ती केवळ मन मोकळं करायला. पण त्यांचे यजमान कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. त्यांच्याजवळ मन मोकळं करणं हे नेहमीच धोक्याचं असे, कारण ते ऐकून घेण्याऐवजी समजावून सांगत.

"अगं, हे साधं केशाकर्षण आहे," प्राध्यापकांचे डोळे चमकले. "धाग्याधाग्यांतल्या फटींतून घाम वर चढतो, बाहेरच्या बाजूला येतो आणि उडून जातो. थांब, आपण करूनच बघू."

"अहो, करून बघायचं काही नाहीये. मला एक कपडा आणायचाय."

पण प्राध्यापक कात्री शोधायला गेले होते. त्यांनी आपल्या जुन्या टेरिकॉटच्या पँटची एक पट्टी कापली, एका सुती टॉवेलची कापली आणि लोकरीची हवी म्हणून खुर्चीवर पडलेल्या शालीचीही कापली. तिन्ही पट्ट्या पेल्यातल्या शाईच्या पाण्यात सोडल्या, वरची टोकं पुस्तकाखाली दाबली आणि कोणत्या पट्टीत शाई आधी चढते ते बघत बसले. बघता बघता विद्यार्थ्यांचे पेपर तपासायला घेतले. शाई सावकाश चढली, पुस्तकापर्यंत पोचली, पुस्तक ओलांडून टेबलक्लॉथवर उतरली आणि तिथून चारी दिशांना गेली. केशाकर्षण निर्विवाद सिद्ध झालं. कापड कोणतं घ्यायचं ते मात्र कळलं नाही, कारण तिन्ही पट्ट्या एकसारख्या निळ्या झाल्या होत्या.

तेवढ्यात सासूबाई शाल शोधत बाहेर आल्या.

त्यानंतर काय बोलणं झालं ते सांगत बसण्यात अर्थ नाही. एवढंच, की कात्री मुलानं चालवली, पण बोल सुनेला लागले. "कुणाला तरी पळायचंय म्हणून माझी शाल कापायची?" या वाक्यातलं 'कुणाला तरी' क्लेमबाईंना फार झोंबलं.

शनिवारी त्या एकट्याच दुकानात गेल्या. खेळाच्या सामानाचं मोठं, दोन मजली दुकान होतं. विक्रेता हसत पुढे आला.

"थंडीत पळायला बेस लेयर हवाय. लांब हातांचा."

"आहे ना! साहेबांची साइज काय?"

"कोणाची?"

"साहेबांची. की मुलासाठी हवाय?"

क्लेमबाईंनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर आजवर फक्त खोटी बिलं जोडणाऱ्यांनी पाहिली होती.

"माझी साइज विचारा," त्या म्हणाल्या.

विक्रेता त्यांना वरच्या मजल्यावर घेऊन गेला. बायकांच्या विभागात बेस लेयर दोन रंगांत होते, गुलाबी आणि अधिक गुलाबी. दोन्हींच्या छातीवर चमकत्या अक्षरांत 'मी कुणाचं ऐकत नाही' असं लिहिलेलं होतं. क्लेमबाई घरी, दारी, ऑफिसात सगळ्यांचं मुकाट ऐकत असत, निदान त्यांची तशी समजूत होती. त्यांना हे खोटं विधान अंगावर घालवेना.

"साधा नाही? काही न बोलणारा?"

खूप शोधल्यावर तळातून एक राखाडी निघाला. क्लेमबाईंनी सवयीनं तो उलटसुलट करून तपासला आणि मनगटाशी बोट घातलं. बोट आरपार गेलं.

"हा उसवलेला आहे."

"नाही मॅडम, ते अंगठ्यासाठी भोक आहे."

"दोन्ही बाह्यांना उसवलेला आहे."

"दोन अंगठे असतात ना मॅडम."

हा युक्तिवाद बिनतोड होता. क्लेमबाई कपडा घेऊन ट्रायल रूममध्ये गेल्या. कपडा पळण्याचा आहे, तेव्हा तो पळूनच बघायला हवा, असा सरळ विचार करून त्या त्या एवढ्याशा खोलीत जागच्या जागी पळू लागल्या. बाहेर धडधड ऐकू गेली. विक्रेत्यानं दार वाजवलं.

"मॅडम, ठीक आहात ना? अडकलात का?"

"पळतेय!" आतून उत्तर आलं.

कपडा मात्र सुरेख बसला होता. हात वर केला तरी पाठ उघडी पडत नव्हती, काखेत काचत नव्हता, हलका तर इतका होता, की मॅरेथॉनकाका म्हणाले होते तसा घातल्याचं कळतच नव्हतं. आरशात क्लेमबाईंना एक वेगळीच बाई दिसली. ही बाई चालली तरी चालेल असं कुणी म्हणणार नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी कपडा घेतला, घरी येऊन पिशवी पलंगावर ठेवली आणि भाजी आणायला गेल्या.

परत आल्या तो घरात झटापटीचा आवाज येत होता. शयनगृहात प्राध्यापक दोन्ही हात वर करून उभे होते. डोकं दिसत नव्हतं. डोक्याच्या जागी राखाडी बोचकं होतं आणि सासूबाई एका बाहीला लोंबकळत होत्या.

"अगं ओढ ना! गुदमरेल तो!" सासूबाई ओरडल्या.

दोघींनी मिळून ओढलं. कपडा ताणला, आणखी ताणला, चटचट ठिणग्या उडाल्या आणि प्राध्यापक बाहेर आले. केस उभे राहिले होते, चष्मा एका कानावर होता, पण चेहरा आनंदानं फुललेला होता.

"तू माझ्यासाठी आणलास," ते म्हणाले. "मी परवा म्हणालो ना, मलाही थंडी वाजते म्हणून. तुझ्या लक्षात राहिलं."

क्षणभर क्लेमबाईंचं मन द्रवलं. मग त्यांची नजर कपड्याच्या गळ्याकडे गेली. त्यात आता दोन डोकी मावली असती.

"अहो, तो माझा आहे!"

"तुझा?" प्राध्यापकांनी चष्मा नीट केला. "पण पुरुषांचाच वाटतो."

दुकानात परक्या माणसानं म्हटलं ते एक वेळ ठीक. पण घरच्या माणसानं? क्लेमबाईंनी ताटं इतकी जोरात मांडली, की वरून मॅरेथॉनकाकांनी काय पडलं म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्या कपडा घेऊन दुकानात गेल्या. या वेळी मॅनेजर आला. त्यानं गळा ताणून पाहिला, प्रकाशाकडे धरला आणि मान हलवली.

"वापरलेला आहे."

"मी एकदाही वापरलेला नाही."

"कुणीतरी वापरलाय. वापरलेला माल परत घेत नाही. सॉरी मॅडम, कारण समाधानकारक वाटत नाही."

क्लेमबाई गार झाल्या. 'कारण समाधानकारक वाटत नाही' हे त्यांचं वाक्य होतं! गेली वीसेक वर्षं त्या ते रोज लिहीत होत्या. ते काउंटरच्या अलीकडून असं ऐकू येतं, याची त्यांना कल्पनाच नव्हती. खुर्चीतून उठून गेलेली ती सगळी माणसं आठवून त्यांना क्षणभर वाईट वाटलं. पण क्षणभरच, कारण मॅनेजर कपड्याची घडी घालून त्यांच्याकडे सरकवत होता.

"तुमचा नियम दाखवा," त्या म्हणाल्या.

मॅनेजरनं बिलाची मागची बाजू दाखवली. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत नियम छापले होते. मुंगीएवढी अक्षरं वाचण्यात क्लेमबाईंचा हात कुणी धरला नसता.

"तिसरा नियम. माप न बसल्यास सात दिवसांत बदलून मिळेल."

"पण तुम्हाला तर बसला होता. आमचा माणूस सांगतोय, तुम्ही आत पळत होता."

"कुणाला बसला पाहिजे, हे नियमात कुठे आहे? ज्यानं घातला त्याला नाही बसला. दोन माणसं लागली काढायला. साक्षीला सासूबाईंना आणू?"

मॅनेजरनं नियम पुन्हा वाचला. मागे रांग वाढत होती. रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, "बाईंचं बरोबर आहे." त्याच्याही हातात बदलायला आणलेला बूट होता. शेवटी मॅनेजर हरला. पण त्यानंही सूड घेतला. त्या मापाचा एकच बेस लेयर उरला होता आणि तो भडक पोपटी होता. असा पोपटी, की तो पिशवीत घातल्यावर पिशवीही पोपटी दिसू लागली. क्लेमबाईंनी घेतला. जिंकलेला क्लेम रंगावरून सोडायचा नसतो.

त्या रात्री घरात शांतता होती. सासूबाईंना शालीवरून जरा जास्तच बोलल्यासारखं वाटत होतं. सुनेसाठी काहीतरी करावं, या सद्भावनेनं त्यांनी शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तो पोपटी कपडा घेतला आणि इस्त्री केली. इस्त्री चांगली तापलेली होती. ती पाठीवर ठेवली तशी तिथेच बसली आणि उचलली तेव्हा पाठीचा बराचसा भाग तिच्याबरोबर वर आला.

"हा काय कपडा आहे की प्लास्टिकची पिशवी?" सासूबाई उलट्या क्लेमबाईंवरच कडाडल्या. "वितळतो काय! आमच्या वेळचे कपडे जळायचे, पण असे वितळायचे नाहीत!"

क्लेमबाई पाठीवरच्या होडीच्या आकाराच्या भोकाकडे बघत राहिल्या. रागावण्याचीही एक क्षमता असते, ती संपली होती. त्या खुर्चीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "जाऊ दे. तसंही फक्त नावच हवंय त्यांना."

"कोण म्हणालं असं?" सासूबाईंनी विचारलं.

क्लेमबाईंनी साहेबांचं वाक्य सांगितलं. सासूबाईंनी इस्त्रीचा प्लग काढला. चष्मा लावला. मग मुलाच्या टेरिकॉटच्या पँटचा उरलेला पाय घेतला आणि सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "चाललात तरी चालेल म्हणाला? असा कसा म्हणाला तो?" ठिगळ तपकिरी होतं आणि टाके जरा दूरदूर होते. पण ते घालताना सासूबाई साहेबांविषयी जे जे बोलल्या, त्यानं क्लेमबाईंना एकदम बरं वाटलं.

शर्यतीच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. वारा असा होता, की बोलताना दातांना गार लागे. सगळ्या संघांना सुती टी-शर्ट वाटले होते. क्लेमबाईंनी तो वरून घातला, त्यामुळे ठिगळ झाकलं गेलं आणि फक्त पोपटी हात बाहेर राहिले. साहेब मोठ्या उत्साहात मैदानाला फेऱ्या मारत होते, उड्या मारत होते, "अंग गरम केलं पाहिजे" म्हणून सगळ्यांना सांगत होते. त्यांना भरपूर घाम आला. आणि मग कळलं, की प्रमुख पाहुणे अजून यायचे आहेत.

पाहुणे आले, बोलले, आरोग्याचं महत्त्व सांगितलं, पुन्हा सांगितलं. साहेब ओल्या टी-शर्टात, वाऱ्यात उभे. आधी त्यांचं नाक लाल झालं, मग कान, मग ते टाळ्या वाजवण्याच्या निमित्तानं हात चोळू लागले. क्लेमबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना थंडी वाजत नव्हती. ही गोष्ट मोठ्यानं सांगावी असं त्यांना फार वाटलं, पण त्यांनी आवरलं.

शर्यत सुरू झाली. पहिला ऑफिसातला तरुण टायपिस्ट, तो बरा पळाला. दुसरे हिशेबनीस, ते रस्ताभर थांबून थांबून आले आणि बॅटन देताना "माझ्या घरच्यांना सांगा" एवढंच म्हणाले. तिसऱ्या क्लेमबाई आणि शेवटचे, चौथे, साहेब.

त्या निघाल्या तेव्हा पुढे सगळाच जमाव होता. पहिल्या वळणापर्यंत त्या मनात साहेबांशी भांडत होत्या, दुसऱ्या वळणापर्यंत दुकानाच्या मॅनेजरशी. मग भांडायला कुणी उरलं नाही आणि नुसतं पळणं उरलं. पाय आपोआप पडत होते. पाठ कोरडी होती. त्यांनी एकाला मागे टाकलं, मग एका पोस्टाच्या माणसाला, मग दोन बँकवाल्यांना. कडेला प्राध्यापक हातात डबा घेऊन उभे होते, ते "शाबास गं!" म्हणून ओरडले आणि डबा सांडला.

बॅटन पुढे धरून त्या बदलीच्या जागी पोचल्या. तिथे साहेब नव्हते. साहेब बाजूच्या बाकावर होते, कुणाचं तरी ब्लँकेट गुंडाळून, पोटरी दोन्ही हातांनी धरून.

"पाय धरलाय, मॅडम," दात वाजवत ते म्हणाले. "ठेवा ते आता. झालं तेवढं पुष्कळ. आपलं नाव लागलं ना, बास."

क्लेमबाईंनी साहेबांकडे पाहिलं. हातातल्या बॅटनकडे पाहिलं. मग वळल्या आणि पुन्हा पळत सुटल्या.

दुसऱ्यांदा तेच तीन किलोमीटर. या वेळी पाय जड झाले होते, कुशीत कळ आली होती, पण राग ताजा होता आणि तो शेवटपर्यंत पुरला. त्यांनी रेषा ओलांडली तेव्हा मागे अजून सहा संघ होते. सासूबाई दोरीच्या आत घुसून टाळ्या वाजवत होत्या.

"हा संघ बाद," रेषेवरचा पंच म्हणाला.

"का?"

"एकच माणूस दोनदा पळाला."

"कुठे लिहिलंय पळू नये असं?"

पंचानं नियमांचा कागद काढला. "नववा नियम. प्रत्येक संघात चार धावपटू असतील."

"आहेत ना! मोजा. एक, दोन, मी तीन, आणि तो बाकावर चौथा. असतील म्हटलंय, आहेत. पळतील असं कुठे म्हटलंय?"

दुसरा पंच आला. त्यानं कागद वाचला आणि तिसऱ्याला बोलावलं. साहेब लंगडत आले, "मॅडम, जाऊ द्या, लोक बघतायत," म्हणाले. सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते लंगडत परत गेले. क्लेमबाई बोलत होत्या. संदिग्ध कलमाचा अर्थ नियम करणाऱ्याच्या विरुद्ध लावतात हे त्यांनी सांगितलं, अंतर बारा किलोमीटर पूर्ण झालं आहे हे सांगितलं, बॅटन कुठेही जमिनीवर पडलेलं नाही हे दाखवलं. आवाज खणखणीत होता. मैदानाच्या पलीकडचे लोकही वळून बघू लागले.

शेवटी तिसरा पंच, जरा वयस्कर होता, हात जोडून म्हणाला, "बाई, तुम्ही आत्ता सहा किलोमीटर पळून आलात. जरा दम तरी घ्या!"

"लागला असता तर घेतला असता," क्लेमबाई म्हणाल्या.

आणि एकदम थांबल्या. बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हे खरं आहे. सहा किलोमीटर पळून, वर एवढं भांडून, त्यांना दम लागलेला नव्हता. त्यांनी एक मोठा श्वास घेऊन बघितला. सरळ आत गेला, सरळ बाहेर आला. त्या हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच.

पंचांना वाटलं, सुटलो.

"आता दहावा नियम वाचा," क्लेमबाई म्हणाल्या.